निपाणीहून इकॉनॉमिक्सची पीएचडी: मुंबईचं जुनं नाव बघायचं की जवळचं धारवाड?

सुगीवाली (निपाणी):

नमस्कार मंडळी, इथं लई दिवस नुसतं वाचालेय, आज पहिल्यांदा विचारतेय त्यामुळं थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. मी निपाणीजवळच्या एका गावची. दहावीपर्यंत मराठी मिडियम, पुढं बेळगावात बीए-एमए, आता एका डिग्री कॉलेजात गेस्ट लेक्चरर आहे, पगार कधी होतो ते मात्र विचारू नका. पीएचडी करायची हे पक्कं, कुठं करायची यावर घरात रोज मीटिंग बसते. आई म्हणते धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ बरं, जाऊन येऊन करता येईल (येणार नाही, पण आईला कोण सांगणार). आमचे एमएचे सर म्हणतात मुंबईला जा, १८५७ चं विद्यापीठ, सी. एन. वकील आणि ब्रह्मानंद या अर्थशास्त्रज्ञांचा विभाग, तिथला शिक्का वेगळाच. मैत्रीण म्हणते पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट. बेंगळूरची आयसेक ही संशोधन संस्था पण डोक्यात आहे, कोल्हापूरचं विद्यापीठ तर काय घरचंच.

विषय सांगते म्हणजे नीट सांगता येईल तुम्हाला. आमच्याकडं पूर्वी तंबाखू असायचा, बाबांनी कमी करत करत आणला, आता सगळा ऊस. दूधगंगा ओलांडली की कागल तालुका, तिथं मामाचं शेत. माती तीच, नदी तीच, उसाची जात पण तीच ८६०३२. फरक एकच, बाबांच्या मोटारीला लाईट बिल नाही कारण कर्नाटकात १० एचपीपर्यंत शेतीपंपाची वीज फुकट, आणि मामाला बिल यायचं. आता २०२४ च्या एप्रिलपासून महाराष्ट्रानं पण साडेसात एचपीपर्यंत माफ केलंय. मला बघायचंय की बिल होतं तेव्हा आणि माफ झाल्यावर, दोन्हीकडच्या पाणी उपशात आणि पिकात काही फरक पडला का. सरांना आवडला विषय, पण म्हणाले एवढ्यावर पीएचडी होते का ते तिथल्या माणसांना विचार.

तर प्रश्न असा, मुंबईच्या विभागात अजून रिसर्चचं वातावरण आहे काय, म्हणजे आपण लिहिलेलं वाचणारी, चुका काढणारी, भांडणारी माणसं? की नुसतं जुनं नाव राहिलंय? आणि सीमाभागातल्या पोरीला तिकडं कागदपत्रांचा किती त्रास होतो?

कलिना_लोकल:

ताई मी चिकोडीचा, सध्या कलिनात, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या सांताक्रूझच्या कॅम्पसात, पीएचडी करालोय, म्हणून आधी मीच लिहितो.

आता विभागाचं नाव मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी, स्वायत्त आहे, बसतो रानडे भवनात. आपल्या लोकांना वाटतं फोर्टातल्या जुन्या इमारतीत राजाबाई टॉवरखाली बसून अभ्यास चालतो, तसं काही नाही, फोर्ट वेगळं आणि कलिना वेगळं, इथं झाडं आहेत आणि वरून विमानं जातात. वातावरणाचं विचारशील तर एका बिल्डिंगमध्ये मोजू नको. मुंबईत अर्थशास्त्राचं काम एका ठिकाणी नाहीच. गोरेगावला आयजीआयडीआर ही संशोधन संस्था, रिझर्व्ह बँकेनं १९८७ ला काढलेली, देवनारला टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट, शिवाय खुद्द रिझर्व्ह बँक, आणि ईपीडब्ल्यू हे अभ्यासकांचं साप्ताहिक पण इथूनच निघतं. कुठं ना कुठं कुणाचं तरी लेक्चर असतं, मागच्या बाकावर बसून ऐकायला कुणी हाकलत नाही. मला खरं शिकवलं ते अशा भाषणांनंतर चहाच्या टपरीवर झालेल्या भांडणांनी. एका बाईंनी माझं सगळं मॉडेल टिश्यू पेपरवर खोडून दाखवलं होतं, तो पेपर अजून फाईलीत आहे.

पण खर्च बघ. सांताक्रूझ पूर्वला खाट भाड्यानं मिळते, खोली नाही. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतनं मिळणारी फेलोशिप, असेल तर महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं, मग निभतं. जेआरएफ नसेल तर मुंबईचा विचार दोनदा कर असंच सांगेन, ट्यूशन घेत घेत थेसिस लिहिणारी पोरं बघालोय मी, पाचव्या वर्षाला पण डेटा तसाच पडलेला असतो.

नेटचं आता बदललंय हे माहीत असेलच, २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट आहेत, जेआरएफ मिळालं नाही तरी पीएचडी प्रवेशाला मार्क चालतात, ७० टक्के वजन नेटचं आणि ३० टक्के मुलाखतीचं, पण मार्कांची मुदत एक वर्षच. त्यामुळं आधी नेट काढ, मग विद्यापीठ निवड.

विषयाबद्दल. तुला कल्पना नाही तुझ्याकडं काय आहे ते. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सी आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली बर्गरची हॉटेलं घेतली, १ एप्रिल १९९२ ला एकीकडं किमान मजुरी ४.२५ डॉलरवरनं ५.०५ झाली, दुसरीकडं तशीच राहिली, मग दोन्हीकडं आधी-नंतर नोकऱ्या मोजल्या. सगळे समजत होते मजुरी वाढली की नोकऱ्या जातात, यांना तसं दिसलंच नाही. १९९४ ला पेपर आला, २०२१ ला कार्डना नोबेल. तुझी दूधगंगा म्हणजे तसलीच सीमा आहे की! आणि तारीख पण तशीच, एप्रिल.

टिळकवाडी_मास्तर:

वर चिकोडीच्या पोरानं चांगलं लिहिलंय. मी रिटायर्ड माणूस, बेळगावातच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळं जुनं थोडं माझ्याकडनं ऐका.

पहिलं म्हणजे मुंबई आपल्याला परकी नाही. बेळगावचं लिंगराज कॉलेज १९३३ ला निघालं तेव्हा मुंबई विद्यापीठालाच जोडलेलं होतं. कर्नाटक विद्यापीठ १९४९ ला झालं, तेही सुरुवातीला मुंबईतच होतं, धारवाडला दुसऱ्या वर्षी आलं. म्हणजे आमच्या आधीच्या पिढीतला बेळगावचा बीए हा मुंबईचाच बीए.

आता विभाग. अर्थशास्त्र १९२१ पासूनचं. के. टी. शहा तिथले, पुढं १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीचे सेक्रेटरी आणि मग घटना समितीत. सी. एन. वकील यांनी तर हा विभाग उभा केला म्हणायला हरकत नाही. आणि ब्रह्मानंद कोण? म्हैसूरकडं शिकलेला कन्नड माणूस, मुंबईला गेला आणि तिथलाच झाला. दोघांनी मिळून १९५६ ला पुस्तक लिहिलं आणि महालनोबिसांनी आखलेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला अंगावर घेतलं. महालनोबिस म्हणत होते आधी पोलाद, अवजड यंत्रं. हे दोघं म्हणाले अहो ज्या देशात रिकामे हात एवढे पडलेत तिथं अडतंय ते यंत्रावाचून नव्हे, त्या हातांना कामाला लावल्यावर खायला जे लागतं त्यावाचून अडतंय, धान्य, कापड, रोजच्या वस्तू, म्हणजे वेज गुड्स. दिल्लीनं ऐकलं नाही. दहा वर्षांत दुष्काळ पडला आणि अमेरिकेचा गहू जहाजातनं उतरवायची वेळ आली तेव्हा बऱ्याच जणांना ते पुस्तक आठवलं. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मागची पोरं पण मान वर करायची.

शेतीवाल्यांनी दांतवाला हे नाव लक्षात ठेवावं. तेही याच विभागाचे, १९६५ ला कृषी मूल्य आयोग निघाला त्याचे पहिले अध्यक्ष. आज आपण ज्या एफआरपीवरनं, म्हणजे उसाच्या किमान दरावरनं, रस्ते अडवतो तिची शिफारस त्याच आयोगाच्या आजच्या अवताराकडनं जाते. लकडावालाही तिथलेच, गरिबी मोजायच्या १९९३ च्या अहवालाला त्यांचंच नाव आहे.

आणि आंबेडकर. लोक त्यांना घटनेपुरते लक्षात ठेवतात. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे, १९१८ ला छोट्या जमीनधारणेवर त्यांचा लेख आला, १९२३ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डीएस्सी, विषय रुपया. आणि १९२५ ला परिषदेसाठी निपाणीला आले होते. सुगीवाली, तुमच्या गावाकडं येऊन गेलेला एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ दुसरा नाही. तो १९१८ चा लेख काढून वाचा. तुकडे एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल असं तेव्हा सगळे म्हणत होते, ते म्हणाले तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरावर ठरत नाही, त्यावर भांडवल किती आणि माणसं किती लादलीत त्यावर ठरतं. विषय तुमच्या जवळचा आहे.

पुण्याबद्दल दोन शब्द. गोखले इन्स्टिट्यूट १९३० ची, धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. ते नुसते पुस्तकात राहिले नाहीत, विठ्ठलराव विख्यांबरोबर प्रवरेच्या सहकारी कारखान्याच्या उभारणीत उतरले. वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशेब गावोगाव फिरून करणारी परंपरा त्यांची. मग दांडेकर आणि रथ, १९७१ ला दारिद्र्यावरचा अभ्यास. तुमचा विषय बांधावर जाऊन करायचा आहे, त्यामुळं माझं मन विचाराल तर पुण्याच्या परंपरेत तो जास्त बसतो. मुंबई पैसा, बँक, व्यापार याकडं झुकलेली, दांतवालांसारखे असूनसुद्धा. हे माझं मत, भांडायला मोकळे आहात.

कोगनोळी_नाका:

सगळं झ्याक आहे पण त्या बर्गरच्या हॉटेलाची आणि आमच्या नदीची तुलना जमत नाय ओ. तिकडं दोन राज्यं वेगळी असतील, इकडं सीमा हाय कुठं? आमचा ऊस कागलकडं जातो, तिकडचा इकडं येतो, काही कारखाने मल्टीस्टेट, म्हणजे दोन्ही राज्यांत सभासद असलेले, ऊसतोड टोळी बीडची ती दोन्हीकडं तोडते, ट्रॅक्टरवाल्याची एंट्री, म्हणजे खेपेमागं वरचे पैसे, दोन्हीकडं द्यावी लागते. २०२३ ला महाराष्ट्रानं ऊस राज्याबाहेर न्यायला बंदी घातली, बोंबाबोंब झाल्यावर मागं घ्यावी लागली. माझ्या चुलत्याचं अर्धं रान महाराष्ट्रात अर्धं कर्नाटकात, एका रानाला सातबारा एका रानाला कर्नाटकचा पहाणी उतारा, मोटार एकच. त्याला कुठल्या बाजूला मोजणार?

आणि महाराष्ट्रात बिल यायचं हे खरं, भरत किती जण होते? थकबाकी वर्षानुवर्षं. कागदावर बिल असलं आणि खिशातनं जात नसलं तर फरक कशाचा मोजणार ताई? राग मानू नका, विषय चांगलाय म्हणूनच बोलतोय.

सुगीवाली (निपाणी):

राग कसला, हेच पाहिजे होतं. एंट्रीचं तर मी धरलंच नव्हतं, आणि थकबाकीचा मुद्दा ऐकून पोटात गोळा आला खरा. मामाला फोन करून विचारलं, म्हणाला "बिल भरायचो पण तोडायला आले की भरायचो," म्हणजे कनेक्शन तोडायला. मग हे फुकट म्हणायचं की विकत? मास्तर सर, वाईच्या त्या सर्वेसारखं मी एकटीनं किती गावं करायची, आणि दोन्ही राज्यांचे गाईड एकदम कसे मिळणार? नेटचा फॉर्म भरलाय.

धारवाडी_पेढा:

मी धारवाडचा विद्यार्थी, मराठी घरात, कन्नड शाळेत. मुंबईवाले आणि पुणेवाले बोलून झाले, आता जरा आमचं ऐका.

कर्नाटक विद्यापीठाला कमी समजू नका. डी. एम. नंजुंडप्पा इथले, इथंच अर्थशास्त्र शिकवलं, कुलगुरू पण झाले. त्यांच्या समितीचा २००२ चा अहवाल अजून बेंगळूरच्या प्रत्येक बजेटात काढतात. काम बघा कसं केलं, जिल्हा धरून बसले नाहीत, तालुका धरला. १७५ तालुके, ३५ निर्देशक, त्यातनं ११४ तालुके मागास काढले, त्यात अतिमागास ३९. पलीकडं महाराष्ट्रात दांडेकरांनी १९८४ ला हेच केलं होतं, पण जिल्ह्याचा हिशेब धरून, आणि अनुशेष, म्हणजे मागं पडलेल्या जिल्ह्यांची तूट, काढला ३,१८६ कोटींचा. एकाच प्रश्नाला दोन राज्यांतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दोन वेगळ्या फूटपट्ट्या लावल्या. आता गंमत बघा, जिल्हा धरला की कोल्हापूर पुढारलेला दिसतो आणि त्याच्या पोटातला एखादा डोंगराळ तालुका गायब होतो. चंदगडची माणसं हे मला न विचारता सांगतील. माझ्या मते तालुका धरणंच बरोबर, दांडेकरांबद्दल आदर ठेवून सांगतो.

शिवाय धारवाडात सीएमडीआर म्हणून संशोधन संस्था आहे, आयसीएसएसआर या केंद्राच्या समाजशास्त्र संशोधन परिषदेची, ती उभी केली पंचमुखी सरांनी, जे आधी मुंबई विद्यापीठातच प्रोफेसर होते. म्हणजे मुंबईचं वातावरण म्हणून जे शोधालायस त्यातलं थोडं बसमधनं धारवाडला येऊन बसलंय. बेंगळूरचं आयसेक १९७२ चं, व्ही. के. आर. व्ही. राव यांनी काढलेलं, तेही मुंबईत शिकलेलेच. ही मंडळी एकमेकांत अशी गुंतलेली आहेत, आपणच इथं हे विद्यापीठ की ते विद्यापीठ करत बसलोय.

कोगनोळीवाल्यांच्या आक्षेपावर. बरोबर आहे त्यांचं, पण त्यानं विषय मरत नाही, उलट तिथंच सुरू होतो. मामाचं वाक्य लिहून ठेव, "तोडायला आले की भरायचो." म्हणजे त्याला वीज फुकट नव्हती, उधार होती, आणि तोडायची भीती होती. मग तुझा प्रश्न "बिल का फुकट" असा न ठेवता "उधार संपून फुकट झाल्यावर काय बदललं" असा ठेव. कदाचित काहीच बदललं नसेल, तेही उत्तरच आहे, आणि सरकारला न आवडणारं उत्तर आहे.

सरकारी डेटाचं एक सांगतो म्हणजे नंतर रडायला नको. एनएसएस, म्हणजे केंद्राच्या नमुना सर्वेचा, युनिट लेव्हल (एकेका कुटुंबाचा) डेटा आता फुकट उतरवता येतो, २०१९ चा शेतकरी कुटुंबांचा सर्वे पण मिळतो, पण त्यात एका जिल्ह्यातली कुटुंबं इतकी थोडी असतात की निपाणी विरुद्ध कागल असलं काही त्यातनं निघत नाही. स्वतःचा सर्वे करावाच लागणार. वीज मोजायला मीटर शोधत बसू नको, बऱ्याच शेतीपंपांना मीटरच नसतात, कर्नाटकची वीज कंपनी हेस्कॉम काय आणि महावितरण काय, बराचसा अंदाजच असतो. त्यापेक्षा थ्री फेज कधी येते, किती तास, रात्रीची आली तर ऑटो (मोटार आपोआप चालू करणारा स्विच) लावून झोपतात की उठून जातात, मोटार किती एचपीची आणि कागदावर किती एचपीची, हे विचार. शेवटचं जपून विचार, चहा झाल्यावर.

गाईड दोन राज्यांचे पाहिजेत असं काही नाही. मुख्य गाईड जिथं प्रवेश तिथला, सोबत को-गाईड दुसरीकडचा घेता येतो का ते त्या त्या विद्यापीठाच्या नियमात बघ. गाईड निवडताना त्यांचे शेवटचे चार पेपर वाच आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांना गाठून एकच विचार, चॅप्टर दिल्यावर परत किती दिवसांनी मिळतो.

कलिना_लोकल:

कागदपत्रांचं राहिलंच होतं. मायग्रेशन सर्टिफिकेट आत्ताच अर्ज करून ठेव, एमए कुठनं झालंय त्यांच्याकडनं, शेवटच्या आठवड्यात पळापळ होते. माझा एक कागद एका ऑफिसात इतके दिवस अडकला की मुलाखतीला झेरॉक्सवर वेळ मारून न्यावी लागली. जातीचा दाखला कर्नाटकचा असेल तर महाराष्ट्रात आरक्षणाला धरत नाहीत, ओपनमधनंच भरायचं हे गृहीत धर. महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांत तुझं गाव असेल तर तो दाखला काढून ठेव, महाराष्ट्र प्रोफेशनल कोर्सेसना सीमाभागातल्या पोरांना घेतो, पण पीएचडीला चालतो का नाही ते त्या वर्षाच्या जाहिरातीत जे छापलंय तेवढंच खरं, कुणाच्या तोंडावर जाऊ नको.

आणि मास्तर सर, मुंबई बँकेकडं झुकलेली म्हणालात ते अर्धं मान्य. पण ऊस म्हणजे काय हो, निम्मा बँकेचाच विषय आहे, सोसायटीचं कर्ज कारखान्याच्या बिलातनंच कापून जातं की.

टिळकवाडी_मास्तर:

हे बरोबर बोललास. मग असं करा सुगीवाली, सर्वे पुण्याच्या पद्धतीनं आणि कर्जाचा भाग मुंबईवाल्यांना दाखवून. किती गावं म्हणालात, तर एकटीनं नदीच्या अलीकडं तीन, पलीकडं तीन घ्या, त्याहून जास्त घेतलीत तर माणसं ओळखीची राहत नाहीत आणि मग लोक सांगतात ते सगळं खरं वाटायला लागतं. कोगनोळीवाल्यांच्या चुलत्यासारखी दोन्हीकडं रान असलेली कुटुंबं वगळू नका, वेगळी बाजूला मोजा. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या अधिवेशनात पहिला पेपर मराठीत वाचा, त्यांचं अर्थसंवाद नावाचं नियतकालिक आहे, तिथंही पाठवा. ऊस कळणारी माणसं तिथं बरीच भेटतील.

कोगनोळी_नाका:

चुलत्याचा नंबर मेसेजमध्ये विचारा. सकाळी आठच्या आत फोन करा, नंतर तो उचलत नाय. आणि मोटार किती एचपीची ते पहिल्याच फोनवर विचारू नका म्हणजे झालं.